काटा पडतो, वर येतो, पुन्हा पडतो : जुन्या एमजीबीचं आरपीएम मीटर

तक्रार अशी होती. गाडी टॉप गिअरमध्ये, ताशी ८० च्या आसपास, पाय हलका. आरपीएमचा काटा पावणेतीन हजारांवर निवांत. मग कुणीतरी खालून ओढल्यासारखा तो एकदम शून्याकडं पडायचा, अर्ध्या वाटेत सावरायचा आणि काही झालंच नाही अशा थाटात जागेवर येऊन बसायचा. दोन किलोमीटर सरळ, की परत तेच. सकाळी गाडी काढली की तासभर काही नाही. उभ्या गाडीत इंजिन कितीही रेस केलं तरी काटा शहाण्यासारखा वागणार. म्हणजे मिस्त्रीसमोर कधीच दाखवणार नाही.

गाडी १९६६ ची एमजीबी, ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १७९८ सीसी, सात वर्षांपूर्वी हैदराबादहून संभाजीनगरला आणलेली. ही तक्रार मी तीनदा ‘दुरुस्त’ केली आणि तिन्ही वेळा पंधरा-वीस दिवसांत ती घरी परत आली. चौथ्यांदा खरं कारण सापडलं, तेव्हा कळलं की मीटरमध्ये काही नव्हतंच. अशी जुनी गाडी मराठवाड्यात बाळगणारे फार नाहीत. पण ज्यांच्याकडं पॉइंट-कंडेन्सरवाली कुठलीही गाडी आहे, त्यांनाही यातलं निम्मं तरी उपयोगी पडेल.

आधी हे मीटर चालतं कसं ते सांगतो, कारण सगळी मेख तिथंच आहे. त्या काळच्या एमजीबीत स्मिथ्स कंपनीचं आरव्हीआय जातीचं मीटर येतं. त्याला इंजिनकडून केबल येत नाही. स्विचकडून इग्निशन कॉइलकडं जाणारी पांढरी वायरच मीटरच्या पाठीमागून एक वेढा मारून पुढं जाते. तिथं प्लॅस्टिकच्या तुकड्यात ती वायर बसवून वरून लोखंडी पट्टी आवळलेली असते. डिस्ट्रिब्यूटर (प्रत्येक प्लगला पाळीनं ठिणगी वाटणारा भाग) असतो, त्यातला पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच. पॉइंट उघडला की कॉइलचा करंट तुटतो, त्या तुटण्याचा धक्का मीटरला वायरीला न जोडताच कळतो, आणि आतली दोन ट्रान्झिस्टरची सर्किट प्रत्येक धक्क्यामागं ठरावीक मापाचा एक हप्ता काट्याला देते. धक्के जास्त, काटा वर. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन ठिणग्या, म्हणजे ३००० आरपीएमला सेकंदाला १०० धक्के.

थोडक्यात, हे मीटर इंजिनाचे फेरे मोजतच नाही. ते कॉइलचा करंट किती वेळा तुटला ते मोजतं. हे डोक्यात पक्कं बसलं असतं, तर माझे दोन उन्हाळे वाचले असते.

पहिल्या वेळी मी सरळ मीटरच काढलं. वाळूजला कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स करतो, त्यामुळं हातात सोल्डरिंग गन असली की मला आधी सर्किटच दिसते. पन्नास वर्षांचं मीटर, त्यातले कंडेन्सर वाळलेले असणार, हा तर्क काही चुकीचा नव्हता. क्रोमची रिंग फिरवून तिचे कान खाचांसमोर आणले (सील चिकटलेलं असतं; केस सुकवायच्या मशीननं गरम करा, स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटू नका, रिंग वाकते ती वाकतेच), आतले कंडेन्सर बदलले, ट्रॅकवरचे जुने टाके परत मारले. त्याच दिवशी मिस्त्रीनं पॉइंटही सेट करून दिले. गाडी पंधरा दिवस सोन्यासारखी चालली. मी मित्रांना चहा पाजला.

दुसऱ्या वेळी मिस्त्रीनं कंडेन्सर बदलला, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमधला. तिसऱ्या वेळी कार्बोरेटर उघडले, गाडीतल्या पेट्रोलपंपाचे पॉइंट घासले आणि जाता जाता डिस्ट्रिब्यूटरची टोपीही पुसली. दोन्ही वेळा पंधरा-वीस दिवस आराम. या तिन्ही दुरुस्त्यांत एक गोष्ट सारखी होती, ती मला पार शेवटी उमगली. प्रत्येक वेळी कुणीतरी डिस्ट्रिब्यूटरमध्ये हात घातला होता.

मधल्या काळात आणखी एक कुटाणा झाला, तोही सांगतो. या गाडीचं अर्थिंग उलटं आहे. बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला. सीटच्या मागं सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये बसतात. १९६७ च्या शेवटी नवं मॉडेल आलं तेव्हा कंपनीनं निगेटिव्ह अर्थ आणि अल्टरनेटर दिला. त्याआधीच्या गाड्या डायनामोच्या आणि पॉझिटिव्ह अर्थच्या. आपल्याकडच्या बॅटरीवाल्यानं जन्मात असली गाडी पाहिलेली नसते. एका दुकानात मी जरा फोनवर बोलायला बाहेर गेलो, तेवढ्यात पोरानं ‘भाऊ, कुणीतरी उलटं लावलं होतं, मी सरळ करून दिलं’ म्हणून बॅटरी जोडून टाकली. चावी फिरवली आणि मीटर मेलं. आतले ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे, उलटा करंट त्यांना सोसत नाही. पोराचा दोष नाही, मी तिथं उभं राहायला पाहिजे होतं. आता बॅटरीच्या झाकणावर आतून लाल रंगानं लिहून ठेवलंय : पॉझिटिव्ह बॉडीला, हात लावण्याआधी विचारा. जुना रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका काकांच्या डब्यात पीएनपी जर्मेनियम ट्रान्झिस्टर निघाले, ते टाकल्यावर मीटर जिवंत झालं. पण तेव्हापासून आकडा जास्त दाखवायला लागलं. ती गोष्ट पुढं येईल.

खरी वाट सापडली ती पुतण्यामुळं. दौलताबादच्या बाजूनं वेरूळला निघालो होतो. त्याला शेजारी बसवून मोबाइल हातात दिला, म्हटलं, काट्याचा व्हिडिओ काढ, बंद करू नको. किल्ल्याच्या दरवाज्यातून गाडी काढली, घाट चढला. घाटात ॲक्सिलरेटर जवळजवळ पूर्ण दाबलेला, काटा एकदाही हलला नाही. वर खुलताबादच्या सपाटीवर आलो, पाय हलका केला आणि तीन मिनिटांत काटा दोनदा पडला.

घरी येऊन व्हिडिओ कमी वेगानं चालवून पाहिला. काटा पडतो त्याच क्षणी इंजिनाच्या आवाजात एक बारीक खाच ऐकू येत होती. गाडीत बसून ती मला कधी जाणवली नव्हती. जाणवली असली तरी मी रस्त्यातला खड्डा समजलो असेन. आपल्याकडं तसं समजायला वाव असतो. आवाज आणि काटा बरोबर जात होते. पण गाडी टॉप गिअरमध्ये ८० नं पळत असताना इंजिनाचे फेरे एका क्षणात निम्म्यावर येऊच शकत नाहीत, चाकं त्याला फिरवत असतात. म्हणजे फेरे कमी झालेले नाहीत, करंट तुटलाय. आणि मीटरनं ते इमानदारीनं दाखवलंय.

इथून पुढं प्रकरण सोपं आहे. काटा आणि इंजिन यांची सांगड कशी आहे एवढंच बघायचं. काटा पडला आणि त्याच क्षणी इंजिननं मिसिंग मारलं, तर दोष कॉइलच्या बारीक करंटच्या वाटेवर आहे : स्विच, पांढरी वायर, तिचे जोड, कॉइल, पॉइंट आणि त्यांना जोडणाऱ्या तारा. इंजिन मिसिंग मारतंय पण काटा ढिम्म आहे, तर बारीक करंट ठीक आहे. दोष प्लगच्या बाजूला आहे, म्हणजे रोटर, टोपी, जाड वायरी, प्लग, नाहीतर पेट्रोल. काटा पडतोय आणि इंजिन लोण्यासारखं चालतंय, तर मात्र मीटर उघडा, किंवा त्याच्या आधी त्याला पुरवठा देणारी हिरवी वायर आणि अर्थ तपासा. काटा पडण्याऐवजी वर उड्या मारत असेल, तर पॉइंट नीट उघडझाप करत नाहीत किंवा कंडेन्सर गेलाय. एका ठिणगीच्या जागी मीटरला दोन-तीन धक्के मिळतात आणि ते बिचारं तेवढे मोजतं.

हिरव्या वायरीचं एक सोपं गमक आहे. तीच वायर पेट्रोलच्या काट्यालाही पुरवठा देते, ब्रेकलाइट आणि इंडिकेटरलाही. आरपीएमचा काटा मेला आणि इंडिकेटरही मेले, तर फ्यूजपाशी जा. त्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं तो वितळण्याचा आकडा आहे, सतत चालण्याचा १७ च. ३५ वाचून आपल्याकडचा ३५ अँपिअरचा फ्यूज टाकला, तर फ्यूजच्या आधी वायरिंग जळेल.

माझा काटा इंजिनाबरोबर पडत होता. म्हणजे मीटर बाजूला ठेवायचं. तरी मी पांढऱ्या वायरीचे सगळे बुलेट जोड उघडून घासले, कारण तिथं हिरवट गंज दिसत होता आणि मनाला बरं वाटावं म्हणून. लोखंडी पट्टीचे नटही आवळले. ती सैल राहिली तरी काटा नाचतो, हे लक्षात असू द्या. मल्टीमीटर लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बीप घेतली. सगळीकडं बीप. तक्रार तशीच.

शेवटी शहागंजच्या मागं एक म्हातारे चाचा आहेत, डायनामो-सेल्फचं काम करतात, त्यांच्याकडं गेलो. त्यांनी तरुणपणी अँबॅसडरा लई बांधल्या. अँबॅसडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं इंजिन एकाच घराण्यातले, बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजचे, त्यामुळं बॉनेट उघडल्याबरोबर त्यांचा चेहरा ओळखीचं माणूस भेटल्यासारखा झाला. मी मीटरबद्दल सांगायला लागलो तर हात वर करून म्हणाले, “साब, घडियाल कू नको छेडो. घाट में बरोबर, खडी गाडी में बरोबर, हल्के पाँव पे खराब. बोले तो डेल्को का मामला.” डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्यूटर.

मग त्यांनी जे केलं ते मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. इंजिन चालू ठेवलं. डिस्ट्रिब्यूटरच्या डबीतून कार्बोरेटरकडं जाणारी बारीक व्हॅक्यूमची नळी कार्बोरेटरच्या टोकाला काढली, टोक धोतराला पुसलं आणि तोंडात धरून शहाळं प्यायल्यासारखी ओढली. डॅशबोर्डवर काटा पडला. इंजिन गचकलं. त्यांनी सोडलं, काटा वर. परत ओढलं, परत पडला. तीन वर्षांत मिस्त्रीसमोर एकदाही न दाखवलेली तक्रार चाचांनी सहा सेकंदांत, उभ्या गाडीत, मागेल तेव्हा दाखवली.

कारण असं. डिस्ट्रिब्यूटरच्या आत पॉइंट ज्या प्लेटवर बसतात ती प्लेट थोडी फिरते. व्हॅक्यूम आला की डबीतला पडदा तिला ओढतो आणि ठिणगी लवकर पडते. या मॉडेलमध्ये हा व्हॅक्यूम इंजिन आरामात उभ्यानं चालत असताना जवळजवळ नसतो, कारण नळी कार्बोरेटरच्या झडपेपाशी आहे. घाटात झडप सताड उघडी, तेव्हाही नसतो. सपाटीवर, हलक्या पायावर तो सगळ्यात जास्त. म्हणजे प्लेट नेमकी तेव्हाच सगळ्यात जास्त फिरलेली असते, जेव्हा गाडी मजेत चाललेली असते. बाहेरच्या टर्मिनलपासून फिरत्या प्लेटवरच्या पॉइंटपर्यंत एक बोटभर लांबीची मऊ तार जाते. प्लेट फिरली की ती वाकते. हजारो किलोमीटर वाकून वाकून तिचं तांबं आतून तुटलेलं असतं आणि बाहेरचं कापडी वेष्टण मात्र जसंच्या तसं. प्लेट सरळ असताना तुटलेली टोकं एकमेकांना टेकतात. प्लेट फिरली की सुटतात.

चाचांनी ती तार चिमटीत धरून हलकेच ओढली. रबरासारखी लांबली. तांब्याची तार लांबत नाही. लांबलं ते नुसतं वेष्टण. ब्लेडनं चिरून दाखवली तर आत दोन टोकं आणि मधे तांब्याची काळी भुकटी. म्हणूनच डिस्ट्रिब्यूटरमध्ये कुणीही हात घातला की तार जरा वेगळी बसायची, टोकं पंधरा दिवस नीट टेकायची आणि श्रेय शेवटच्या दुरुस्तीला जायचं. माझ्या चहाचे पैसे त्या तारेवर गेले.

तशीच दुसरी एक तार आत असते, फिरत्या प्लेटला अर्थ देणारी. तिचंही हेच होतं. ती तुटली तरी प्लेट घासत घासत अर्थ पोचवत राहते, त्यामुळं तिची तक्रार जास्त लहरी असते. एक बदलताय तर दोन्ही बदला.

नळी तोंडात धरायला संकोच वाटत असेल, किंवा इंजिन बंद ठेवून खात्री करायची असेल, तर हा प्रयोग करा. टोपी काढा. इंजिन हातानं फिरवून पॉइंट मिटलेल्या स्थितीत आणा, आणि तेही मिटलेल्या टप्प्याच्या साधारण मध्यावर. काठावर ठेवलं तर प्लेट फिरली की पॉइंट खरोखरच उघडतील आणि तुम्ही चांगल्या तारेला दोष देऊन बसाल. चावी ऑन करा. मल्टीमीटर व्होल्टवर ठेवून एक टोक डिस्ट्रिब्यूटरच्या बाहेरच्या टर्मिनलला, दुसरं बॅटरीच्या अर्थकडच्या खांबाला. तार आणि पॉइंट धड असतील तर व्होल्टचा एखाददुसरा दशांश दिसेल. आता बोटानं प्लेट फिरवा किंवा नळी ओढा. आकडा झटकन १२ कडं गेला तर तार तुटलेली आहे, पुढं काही शोधायचं राहिलं नाही. एका मिनिटाच्या वर चावी ऑन ठेवू नका. कॉइलचा रोध तीन-साडेतीन ओहम, म्हणजे पॉइंट मिटलेले असताना चारेक अँपिअर सतत वाहतात आणि कॉइल तापते.

बीपवर विश्वास ठेवून मी फसलो ते इथंच. बीपला एखादा मिलिअँपिअर पुरतो, तो तुटक्या तारेच्या एका केसातूनही जातो. आणि मी बीप घेतली तेव्हा प्लेट हलतच नव्हती.

गाडीवरच खात्री करायची तर आणखी सोपं : नळी काढून तिचं कार्बोरेटरकडचं तोंड बंद करा आणि नेहमीच्या रस्त्यावर चक्कर मारा. तक्रार गायब झाली तर प्लेट आणि तारा हाच दोष. पेट्रोल थोडं जास्त जाईल, दोन दिवसांत काही बिघडत नाही.

नवी तार कुठली घालायची हा प्रश्न होता. चाचांच्या आधीच्या कुणीतरी कधीकाळी घरगुती वायरचा तुकडा घालून पाहिला असणार, कारण टर्मिनलवर जुन्या सोल्डरचा गोळा होता. साधी वायर महिनाभरात तुटते. बारीक तारांची, अतिशय मऊ वायरच लागते. चाचांनी मला डीजेचे स्पीकर दुरुस्त करणाऱ्याकडं पिटाळलं. मोठ्या वूफरच्या कागदी कोनाकडं जाणारी विणलेली तार असते ना, दिवसरात्र थरथरते तरी तुटत नाही, ती. गणपती आणि लग्नसराईच्या कृपेनं आपल्याकडं ती कुठल्याही तालुक्याला मिळते. वरून चढवायला काचेच्या धाग्याची स्लीव्ह मोटार भरून देणाऱ्याकडून घेतली. विहिरीच्या मोटारी आहेत तोवर मराठवाड्यात स्लीव्हला तोटा नाही. दोन्हीचे मिळून चहा-नाश्त्याएवढे पैसे झाले. तयार तारही मिळते, परदेशातून मागवावी लागते. ज्यांना थांबता येतं त्यांनी मागवावी.

बसवताना तीन गोष्टी. तार इतकी लांब असू द्या की प्लेट दोन्ही टोकांपर्यंत फिरली तरी तिला ताण बसत नाही, पण इतकी नको की कॅमला किंवा रोटरला घासेल. सोल्डर टोकाशीच थांबवा, ते तारेत वर चढलं तर मऊ तार कडक होते आणि बरोब्बर तिथंच तुटते. आणि पॉइंटच्या खांबावर तारेचं आणि कंडेन्सरचं अशी दोन्ही कडी इन्सुलेटिंग बुशवरच बसली पाहिजेत, खांबाच्या लोखंडाला टेकता कामा नयेत. टेकली तर करंट कायमचा अर्थ होतो, ठिणगीच पडत नाही आणि माणूस रात्री दहाला ‘आधी निदान चालत तरी होती’ म्हणत डोकं धरून बसतो. अनुभव आहे. पॉइंटचं अंतर ०.३८ मिलिमीटर, १५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). अँबॅसडरचे पॉइंट जुन्या दुकानांत अजून सापडतात, पण नावावर जाऊ नका, तुमचा नमुना शेजारी ठेवून जुळवा. कंडेन्सरच्या बाबतीत मी उलट सांगेन : जुना चालतोय तोवर काढू नका. बिनानावाच्या पाकिटातले नवे कंडेन्सर तापल्यावर दगा देतात, मी दोन फेकले.

तार बदलून वर्ष झालं, काटा पडलेला नाही. पण ट्रान्झिस्टर बदलल्यापासून आकडा जास्त दाखवत होता ते राहिलंच होतं. ते जुळवायला माझ्याकडं चांगलं यंत्र नव्हतं, म्हणून ट्यूबलाइट वापरली.

जुनी चोक-स्टार्टरवाली ट्यूब ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. क्रँकच्या पुलीवर व्हाइटनरनं मध्यापासून कडेपर्यंत एक ठळक रेघ मारा. रात्री बाकी दिवे बंद करून ती ट्यूब बॉनेटशेजारी उभी करा. इंजिन बरोबर १५०० वर आलं की सेकंदाला २५ फेरे होतात, म्हणजे एका फेऱ्यात ट्यूबच्या चार लुकलुकी, आणि एका रेघेच्या जागी चार रेघांचा स्थिर क्रूस दिसतो. २००० ला तीन रेघा. ३००० ला समोरासमोर दोन. रेघा फिरण्याच्या दिशेनं हळूहळू सरकत असतील तर इंजिन थोडं जास्त आहे, मागं सरकत असतील तर कमी. एलईडीवर किंवा इलेक्ट्रॉनिक चोकवर हे जमत नाही. लाइट गेली म्हणून इन्व्हर्टरवर करू नका, त्याच्या ५० चा भरवसा नाही. एमएसईबीची लाइट येऊ द्या. ग्रिडची फ्रिक्वेन्सी आपल्या कामापुरती घड्याळासारखी असते.

एक गोष्ट मात्र जीव मुठीत धरून लक्षात ठेवा. याच उजेडात इंजिनचा पंखाही थांबल्यासारखा किंवा संथ फिरतोय असा दिसतो. तो थांबलेला नसतो. पंख्याच्या आसपास हात, मफलर, पोरं, काही न्यायचं नाही. मी पुतण्याला गाडीत बसवून फक्त ॲक्सिलरेटरवर ठेवलं आणि स्वतः हात मागं बांधून वाकून बघितलं.

चार रेघांना माझा काटा १७०० दाखवत होता, दोन रेघांना ३४००. दोन्हीकडं चूक सारख्याच प्रमाणात, म्हणजे आतला छोटा व्हेरिएबल रेझिस्टर फिरवून काम होणार होतं. चूक सगळीकडं सारख्याच आकड्याची असती, समजा सगळीकडं दोनशे जास्त, तर मात्र काटा शून्यावरच चुकीचा बसलेला असतो. तिथं रेझिस्टरला हात लावून उपयोग नाही. मीटर डॅशबोर्डातून बाहेर काढून वायरी जोडलेल्या ठेवल्या, डब्याला वेगळ्या वायरनं अर्थ दिला (तो तुटला की मीटर बंद, आणि माणूस रेझिस्टरला शिव्या देतो), रेझिस्टर केसभर फिरवत चार रेघांना १५०० आणि दोन रेघांना ३००० येईपर्यंत जुळवलं. मग नेलपॉलिशचा थेंब टाकून तो जागेवर धरला. बायकोची बाटली, सांगून घेतलेली.

रस्त्यावर पडताळायचं तर : ३.९०९ च्या डिफरन्शियलला आणि मूळ मापाच्या टायरला, ओव्हरड्राइव्ह (टॉपच्या वरचा जास्तीचा गिअर) बंद ठेवून, टॉप गिअरमध्ये १००० आरपीएमला ताशी २८.८ किलोमीटर पडतात. मोबाइलच्या जीपीएसवर ८६ आले की काटा ३००० वर पाहिजे. सोलापूर–धुळे हायवेवर पहाटे मी ते पाहिलं, जुळलं. टायरचं माप बदललेलं असेल तर हे गणित थोडं हलेल, ट्यूबलाइटचं हलणार नाही.

कुणी पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल तर त्या मॉड्यूलचा पुरवठा मीटरच्या वेढ्याच्या आधीच घ्या, स्विचकडून. वेढ्यानंतर घेतला तर मॉड्यूलचा स्वतःचा करंटही मीटरमधून जातो आणि काटा गोंधळतो. मी स्वतः पॉइंटवरच आहे. कुठं बंद पडलो तर कन्नडला काय नि बीडला काय, पॉइंट घासून देणारा कुणीतरी भेटतो. मॉड्यूल बघून देणारा भेटत नाही.

चाचांनी त्या दिवशी दोन तारा बनवून दिल्या होत्या. दुसरी टूलकिटमध्ये पुडीत आहे. मीटरचं म्हणाल तर सकाळी आणि रात्री ट्यूबलाइटशी तंतोतंत जुळतं. मे महिन्यात दुपारी, बाहेर ४२ आणि डॅशबोर्डला हात लावणं मुश्कील झालं की शंभरेक जास्त दाखवतं. जर्मेनियमचा गळता करंट दर दहा अंशाला साधारण दुप्पट होतो, त्याला मी काही करू शकत नाही. सिलिकॉनची नवी सर्किट बसवता येते. मी बसवलेली नाही. मेमध्ये दुपारी गाडी काढतच नाही.